रंगाच्या सांडपाण्यावर धिंगरीचा प्रयोग : नवख्यांसाठी मार्गदर्शन

निळ्या रंगाचे पाणी भरलेल्या बाटलीत धिंगरी या आळिंबीच्या बुरशीने पांढराशुभ्र झालेला मूठभर पेंढा टाकला, तर दुसऱ्या दिवशी पाण्याचा निळेपणा उतरलेला दिसतो आणि पाहणाऱ्याला वाटते की काम झाले. तोच पेंढा आधी प्रेशर कुकरमध्ये उकडून बुरशी मारून टाकली आणि मग बाटलीत घातला, तरीही निळेपणा बऱ्यापैकी उतरतो. मेलेल्या बुरशीने रंगाचे विघटन केलेले नसते, तिने तो केवळ अंगावर ओढून घेतलेला असतो. या दोन बाटल्यांतील फरक ज्याला मोजता आला, त्यानेच पुढच्या पायऱ्यांकडे वळावे. म्हणून या लेखात पिंप, नळ्या आणि पंप यांपेक्षा चार साध्या बाटल्यांविषयी अधिक लिहिले आहे.

हे मार्गदर्शन सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी, तसेच कापड रंगवण्याचे किंवा टाय-डायचे लहान वर्कशॉप चालवणाऱ्या आणि सांडपाण्याचे काय करावे असा प्रश्न पडलेल्या मंडळींसाठी आहे. गोव्यात सुरत किंवा तिरुप्पूरसारखे रंगाई उद्योगाचे पट्टे नाहीत, पण जांभा दगडाच्या आपल्या जमिनीत शोषखड्ड्यात सोडलेले पाणी विहिरीपर्यंत पोहोचायला फारसा वेळ लागत नाही, त्यामुळे लहान प्रमाणातील रंगकामाकडेही दुर्लक्ष करून चालत नाही.

बुरशी रंगाचे काय करते

लाकडाला तपकिरी रंग आणि कणखरपणा देणारा लिग्निन हा पदार्थ फोडणे बहुतेक जिवाणूंना जमत नाही. श्वेतकुज बुरशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बुरशींना ते जमते, आणि त्यांनी पोखरलेले लाकूड फिकट, तंतुमय होते म्हणून त्यांना हे नाव मिळाले. लिग्निनची रचना इतकी अनियमित असते की ती फोडणारी विकरेही (एन्झाइम) एखाद्याच विशिष्ट बंधासाठी घडलेली नसतात. लॅकेस, मँगनीज पेरॉक्सिडेज आणि लिग्निन पेरॉक्सिडेज ही ती प्रमुख विकरे होत. ती बुरशीच्या तंतूंबाहेर पाझरतात आणि समोर येणाऱ्या अनेक प्रकारच्या सुगंधी (ॲरोमॅटिक, म्हणजे बेंझिनसारख्या) वलयांच्या संयुगांमधून इलेक्ट्रॉन काढून घेतात. कृत्रिम रंगांचे रेणूही अशाच वलयांचे बनलेले असल्याने ते या विकरांच्या तावडीत सापडतात. फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम या बुरशीने रंग फिके होतात हे 1983 मध्ये प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून या विषयाला गती मिळाली.

कृत्रिम रंगांपैकी निम्म्याहून अधिक रंग ॲझो गटातील आहेत, म्हणजे त्यांत दोन नायट्रोजन अणूंचा दुहेरी बंध असतो. ऑक्सिजन नसलेल्या टाकीत जिवाणू हा बंध तोडतात आणि पाणी रंगहीन होते, पण त्यातून सुगंधी अमाइन तयार होतात आणि त्यांपैकी काही, उदाहरणार्थ बेंझिडीन, कर्करोगकारक आहेत. बुरशीचा मार्ग ऑक्सिडीकरणाचा असल्यामुळे हा धोका बहुधा कमी असतो. कमी असतो याचा अर्थ नसतो असा मात्र नव्हे, आणि म्हणूनच पुढे मुगाची चाचणी सांगितली आहे.

या कामात गोव्याचा वाटा मोठा आहे. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत चंद्रलता रघुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सागरी परिसरातील बुरशींवर दीर्घकाळ काम केले. चोडण बेटावरील खारफुटीच्या कुजत्या लाकडावरून त्यांनी वेगळी केलेली एक श्वेतकुज बुरशी, जिची पुढे सेरेना युनिकलर अशी ओळख पटली, ती समुद्राच्या पाण्यावर बनवलेल्या माध्यमातही वाढते आणि भरपूर लॅकेस तयार करते. कापड व कागद गिरण्यांच्या तसेच मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांच्या रंगीत सांडपाण्यावर ती कशी काम करते, याविषयीचा त्यांचा शोधनिबंध 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. खाऱ्या पाण्यात तग धरणारी बुरशी शोधण्याचे कारण पुढे मिठाच्या चर्चेत स्पष्ट होईल.

कोणती बुरशी घ्यावी

नवख्याने धिंगरी घ्यावी. धिंगरी म्हणजे प्ल्युरोटस वंशाची आळिंबी. ती स्वतः श्वेतकुज बुरशी आहे, लॅकेस आणि मँगनीज पेरॉक्सिडेज तयार करते, तिचे बियाणे, म्हणजे गव्हाच्या किंवा ज्वारीच्या उकडलेल्या दाण्यांवर वाढवलेली बुरशी, आळिंबी उत्पादकांकडे सहज मिळते आणि ती भाताच्या पेंढ्यावर आनंदाने वाढते. ट्रामेटीस व्हर्सिकलर रंगाच्या बाबतीत अनेकदा धिंगरीहून सरस ठरते, पण तिचे शुद्ध संवर्धन चंडीगडच्या एमटीसीसीसारख्या सूक्ष्मजीव-संग्रहातून मागवावे लागते आणि ते निर्जंतुक परिस्थितीत जपावे लागते. प्रयोगशाळा हाताशी असल्यास तिचा विचार करावा.

एक सूचना केवळ गोव्याच्या वाचकांसाठी. पावसाळ्यात रोयणीवर, म्हणजे वाळवीच्या वारुळावर, उगवणारी आपली अळमी या कामी घेऊ नये. ती वाळवीच्या सहवासातच वाढते, पेंढ्याच्या पिशवीत वाढत नाही, आणि रानातून तिची जी लूट चालते तीत भर घालण्याचे कारण नाही.

आधी पाणी ओळखा

सांडपाण्याचा नमुना घेतल्यावर पहिले तीन प्रश्न विचारावेत: रंग कोणत्या प्रकारचा आहे, सामू (पीएच) किती आहे आणि मीठ किती आहे. सुती कापडासाठी लहान वर्कशॉपमध्ये बहुतेक रिॲक्टिव्ह रंग वापरतात. हे रंग धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जातात, पण त्यांचा एक भाग, सर्वसाधारणपणे 10 ते 40 टक्के, धाग्याला न लागता पाण्याबरोबर वाहून जातो. त्याच पाण्यात रंग धाग्याकडे ढकलण्यासाठी घातलेले मीठ असते, कधी लिटरला 50 ग्रॅमहून अधिक, आणि सोडा ॲश घातल्यामुळे सामू 10 ते 11 च्या आसपास असतो. धिंगरीला 4.5 ते 5.5 सामू आवडतो आणि इतके मीठ तिला सोसत नाही. रंगाच्या टाकीतले पहिले पाणी थेट बुरशीवर ओतणाऱ्याला म्हणूनच निराशा पदरी येते. त्यात धुण्याचे नंतरचे पाणी मिसळून मीठ उतरवावे, अथवा मीठ सोसणारी बुरशी वापरावी. खारफुटीतील बुरशीचे महत्त्व येथे आहे.

सामू उतरवण्यासाठी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने, ढवळत घालावे. सोडा ॲशमुळे फेस येतो, त्यामुळे भांडे अर्धेच भरलेले असावे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. एका उत्साही विद्यार्थ्याने रासायनिक आम्लाऐवजी कोकमाचे आगळ वापरण्याची सूचना केली होती. सूचना अस्सल गोमंतकीय होती, पण आगळाचा स्वतःचा लाल रंग मोजमापात मिसळला असता आणि त्यातील साखर जिवाणूंनी खाल्ली असती, म्हणून ती सोलकढीपुरती राखून ठेवली.

पाण्यात ब्लीचिंगचा क्लोरीन किंवा हायड्रोसल्फाइट शिल्लक असेल तर बुरशी मरते. असे पाणी एक दिवस उघड्या भांड्यात ठेवून, हवा खेळवून, मगच वापरावे आणि क्लोरीन गेल्याची खात्री चाचणीपट्टीने करावी.

पेंढा तयार करणे

भाताचा नवा, कोरडा, पावसात न भिजलेला पेंढा घेऊन त्याचे बोटभर लांबीचे तुकडे करावेत. ते रात्रभर पाण्यात भिजवून, निथळून, 65 ते 70 अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवावेत. घरच्या मोठ्या टोपात हे सहज होते, पण पाणी खळखळ उकळू देऊ नये. मग स्वच्छ जाळीवर पसरून गार करावे. ओलावा बरोबर आहे का हे मुठीने कळते: पेंढा घट्ट पिळल्यावर दोनचार थेंब पडावेत, धार लागू नये. धार लागली तर पिशवीच्या तळाशी पाणी साचते, आंबट वास येतो आणि ती पिशवी वाया जाते.

ओल्या पेंढ्याच्या वजनाच्या सुमारे 5 टक्के बियाणे थराथराने मिसळून पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या भराव्यात, तोंड बांधून बाजूंना लहान छिद्रे पाडावीत आणि सावलीत, 25 ते 28 अंशांत ठेवाव्यात. पंधरा ते वीस दिवसांत पेंढा पांढऱ्या जाळ्याने पूर्ण भरतो आणि पिशवी हाताला विटेसारखी घट्ट लागते. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छपराखाली हे काम करू नये. पावसाळ्यात तापमान अनुकूल असते पण हिरव्या बुरशीचा, म्हणजे ट्रायकोडर्माचा, उपद्रव वाढतो. हिरवा ठिपका दिसलेली पिशवी न उघडता बाहेर न्यावी, कारण ती खोलीत उघडली तर तिचे बीजाणू बाकीच्या पिशव्यांवर बसतात. आमच्या पहिल्या खेपेच्या अकरा पिशव्यांपैकी सात अशाच गेल्या. एक हिरवी पिशवी कुतूहलाने खोलीतच फोडून पाहिली गेली होती.

फळे, म्हणजे छत्र्या, धरू लागण्याआधी पेंढा प्रयोगासाठी घ्यावा.

चार बाटल्या

पहिल्या प्रयोगासाठी वर्कशॉपचे पाणी घेऊ नये. एकच माहीत असलेला रंग साध्या पाण्यात विरघळवून घ्यावा. रंगाची निवड विचारपूर्वक करावी, कारण येथे बहुतेकांची फसगत होते. प्रयोगशाळेत हाताशी असलेला कांगो रेड हा सुती धाग्याला थेट चिकटणारा रंग आहे आणि पेंढाही सेल्युलोजचाच असल्याने तो बुरशीविना पेंढ्यावर चढतो. शिवाय आम्लयुक्त पाण्यात तो निळा पडतो. मिथिल ऑरेंजही सामूप्रमाणे रंग बदलतो. मिथिलीन ब्ल्यू धनभारित असल्याने पेंढ्याला चिकटून बसतो. सुरुवातीला रेमॅझॉल ब्रिलियंट ब्ल्यू आर घ्यावा. तो 5 सामूच्या पाण्यात पेंढ्यावर फारसा चढत नाही आणि लॅकेस त्याला सहज फोडते.

एक ग्रॅम रंग एक लिटर पाण्यात विरघळवून त्यातील 50 मिलिलिटर द्रावण घ्यावे आणि त्यात पाणी घालून एकूण एक लिटर करावे. म्हणजे लिटरला 50 मिलिग्रॅम रंगाचे द्रावण मिळते. रंगाची पूड हाताळताना मास्क वापरावा, कारण रिॲक्टिव्ह रंगांची धूळ श्वासात गेल्यास दम्यासारखा त्रास होऊ शकतो.

आता रुंद तोंडाच्या बाटल्या घेऊन प्रत्येकीत 100 मिलिलिटर द्रावण घालावे. पहिल्या बाटलीत फक्त रंगाचे द्रावण. दुसरीत द्रावण आणि बुरशी न लावलेला, पण तसाच उकडलेला 10 ग्रॅम पेंढा. तिसरीत बुरशी पूर्ण वाढलेला, पण प्रेशर कुकरमध्ये अर्धा तास ठेवून मारलेला 10 ग्रॅम पेंढा. चौथीत तेवढाच जिवंत पेंढा. यांखेरीज एका बाटलीत रंगाविना पाणी आणि जिवंत पेंढा ठेवावा, कारण पेंढ्यातून जो पिवळसर तपकिरी अर्क उतरतो तो मोजमापातून वजा करावा लागतो. प्रत्येक प्रकारच्या किमान तीन बाटल्या असाव्यात. तोंडावर कापसाचा बोळा किंवा सच्छिद्र कापड लावावे, घट्ट झाकण लावू नये, कारण लॅकेसला ऑक्सिजन लागतो. बाटल्या सूर्यप्रकाशापासून दूर ठेवून दिवसातून काही वेळा हलक्या हलवाव्यात.

मोजमापासाठी कलरीमीटर किंवा स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे पाणी किती प्रकाश शोषते हे मोजणारे उपकरण, हवा. जवळच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत विनंती केल्यास तो मिळू शकतो. या निळ्या रंगासाठी 592 नॅनोमीटर तरंगलांबी ठेवावी. नमुना फिल्टर पेपरने गाळू नये, कागदही रंग शोषतो; सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचे पाणी घ्यावे. मापन 1 च्या वर गेल्यास नमुना ठरावीक पटीत पातळ करून पुन्हा मोजावा. सुरुवातीच्या मापनातून नंतरचे मापन वजा करून, सुरुवातीच्या मापनाने भागून शंभराने गुणले की रंग किती टक्के उतरला ते मिळते.

समजा, सुरुवातीचे मापन 0.80 होते. पाच दिवसांनी चौथ्या बाटलीत ते 0.20 झाले, म्हणजे 75 टक्के रंग उतरला. तिसऱ्या बाटलीत ते 0.48 झाले, म्हणजे मेलेल्या बुरशीनेच 40 टक्के रंग ओढला. अशा वेळी अहवालात केवळ 75 टक्के लिहिणे हे अर्धसत्य ठरते. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत.

याहून बोलका पुरावा डोळ्यांना दिसतो. दोन्ही बाटल्यांतील पेंढा पांढऱ्या बशीत काढून ठेवावा. मेलेला पेंढा निळाच राहतो. जिवंत पेंढा पहिल्या दिवशी तितकाच निळा असतो, पण तिसऱ्याचौथ्या दिवसापासून तंतूंच्या कडा फिक्या पडू लागतात आणि मग जाळे पुन्हा मळकट पांढरे होते. शोषलेला रंग बुरशीने पचवला याची ही खूण. अधिक खात्रीसाठी दोन्ही पेंढे थोड्या मिथेनॉलमध्ये ढवळून, उतरलेल्या रंगाचे मापन घ्यावे.

निळ्यावर यश मिळाले म्हणून काळ्यावर मिळेलच असे नाही. वर्कशॉपमध्ये खूप खपणारा रिॲक्टिव्ह ब्लॅक 5 हा दुहेरी ॲझो रंग असून लॅकेस त्याच्यापुढे अनेकदा एकटी कमी पडते. प्रत्येक रंगासाठी चार बाटल्या पुन्हा मांडाव्या लागतात, याला आडवाट नाही.

मुगाची चाचणी

रंग गेलेले पाणी विषारी आहे का, हे कळण्यासाठी बशीत टिपकागद ठेवून त्यावर वीस मूग मांडावेत. एका बशीत साधे पाणी, दुसरीत प्रक्रियेआधीचे पाणी, तिसरीत प्रक्रियेनंतरचे पाणी आणि चौथीत तितक्याच सामूचे व तितकेच मीठ घातलेले साधे पाणी घालावे. ही चौथी बशी विसरू नये, कारण मूग मिठानेही खुरटतात आणि दोष उगाच रंगाच्या माथी जातो. तीन दिवसांनी किती मूग मोडावले ते मोजावे आणि मुळांची लांबी पट्टीने मोजून सरासरी काढावी. प्रक्रियेनंतरच्या पाण्यातील मुळे आधीच्या पाण्यातल्यांपेक्षा आखूड आली, तर रंग उतरला असला तरी प्रयोग फसला असे समजावे.

बाटलीतून पिंपात

बाटलीतील निकाल तीन वेळा सारखे आल्याशिवाय पिंपाकडे जाऊ नये. 200 लिटरच्या प्लॅस्टिकच्या पिंपात तळाला खडीचा थर द्यावा. जांभ्या चिऱ्याचे तुकडे वापरू नयेत, ते स्वतःच रंग शोषतात आणि त्यांतील लोह आम्लयुक्त पाण्यात उतरते. खडीवर जाळी आणि जाळीवर बुरशी वाढलेला पेंढा भरावा. नुसता पेंढा काही आठवड्यांत बसतो आणि पाणी अडते, म्हणून त्यात नारळाच्या सोडणांचे तुकडे मिसळावेत. सोडणे आधी चारपाच वेळा पाणी बदलून भिजवावीत, नाहीतर त्यांतील टॅनिनने पाणी चहासारखे होते. पिंप पाण्याने बुडवू नये. वरून बारीक धारेने पाणी ठिबकत यावे, तळातून निथळावे आणि लहान पंपाने पुन्हा वर जावे, म्हणजे तंतूंना हवा मिळत राहते. एक खेप दोन दिवस फिरवून पाहावी आणि वेळ पुढे मापनाप्रमाणे बदलावी.

पिंपात निर्जंतुकता नसते, त्यामुळे जिवाणू येणारच. सामू 5 च्या आसपास राखणे आणि युरियासारखे नत्र न घालणे हे त्यांना रोखण्याचे स्वस्त उपाय आहेत. लॅकेस वाढावी म्हणून प्रयोगशाळेत मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, घालतात. जे पाणी बाहेर जाणार आहे त्यात तांबे घालणे मला योग्य वाटत नाही.

पेंढ्यातून विरघळणारे पदार्थ पाण्याचा सीओडी, म्हणजे पाण्यातील घाणीच्या रासायनिक ऑक्सिडीकरणाला लागणारा ऑक्सिजन, वाढवतात, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. रंग उतरलेला असतो आणि सीओडी चढलेला असतो. म्हणून या पिंपानंतर पाणी निवळून, वाळूच्या गाळणीतून काढून, सामू पुन्हा 7 च्या आसपास आणून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. पृष्ठभागावरील जलस्रोतात सोडण्याच्या सर्वसाधारण मानकांनुसार सामू 5.5 ते 9, बीओडी (जिवाणूंना घाण पचवायला लागणारा ऑक्सिजन) लिटरला 30 मिलिग्रॅम आणि सीओडी लिटरला 250 मिलिग्रॅम या मर्यादा आहेत. पण मर्यादेत बसले म्हणजे ओहोळात सोडण्याची मुभा मिळाली असे नाही. 1974 च्या जलप्रदूषण कायद्याखाली गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. तोपर्यंत प्रयोगाचे पाणी पिंपात साठवून पुढच्या खेपेच्या रंगीत पाण्यात मिसळण्यासाठीच वापरावे.

वापरलेला पेंढा

रंगात तांबे किंवा क्रोमियम असेल, आणि काही रंगांत ते असते, तर बुरशी रंगाचा रेणू फोडते पण धातू पेंढ्यातच साठून राहतो. असा पेंढा बागेत, माडाच्या आळ्यात किंवा गुरांपुढे टाकू नये. सुकवून, पिशवीत बंद करून, रंगाचे नाव व तारीख लिहून ठेवावा आणि अधिकृत धोकादायक कचरा केंद्राकडे द्यावा. दमट हवेत पिंपाच्या कडेला किंवा छिद्रांतून धिंगरीच्या सुरेख छत्र्या डोकावतात आणि पाहणारा हमखास विचारतो की या खाल्ल्या तर चालतील का. चालणार नाहीत. त्या उमलण्याआधीच हातमोजे घालून खुडाव्यात, कारण उमललेल्या छत्र्यांच्या बीजाणूंनी बंद खोलीत खोकला लागतो, आणि त्याच बंद पिशवीत टाकाव्यात.